साथीची वाट आणि दाटीची खोली

१

मराठी वाङ्मयाने साथीच्या रोगांकडे पाठ फिरवली, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. तो खरा नाही. प्लेग, पटकी, देवी यांच्या खुणा आपल्या कथाकादंबऱ्यांत, आत्मचरित्रांत आणि लोकवाङ्मयात ठिकठिकाणी आढळतात. उणीव आहे ती निराळ्या जागी. आपल्या वाङ्मयात साथ येते ती एक तर दैवाचा घाला म्हणून, नाही तर राजसत्तेचा जुलूम म्हणून. ती ज्या घरात वाढते ते घर आणि ज्या वाटेने ती गावोगाव जाते ती वाट, या दोन्ही गोष्टी बहुधा कथानकाच्या बाहेरच राहतात. याचा काही दोष लेखकांच्या दृष्टीकडे जाईल. पण बराचसा दोष टीकाकारांच्या वर्गीकरणाकडे जातो. ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ असे दोन कप्पे आपण केले आणि प्रत्येक कलाकृती त्यांपैकी एकात ठेवून मोकळे झालो. साथ मात्र या दोहोंच्या मधली गोष्ट आहे. तिचा जन्म दाटीत होतो, तिचा प्रवास माणसांच्या जाण्यायेण्यातून होतो आणि तिचा शेवटचा घाव पुष्कळदा जिथे वैद्य नाही अशा खेड्यावर पडतो. ज्या समीक्षेला गाव आणि शहर यांच्यामधली वाट दिसत नाही, तिला साथही दिसत नाही, असे माझे प्रतिपादन आहे. ते तपासून पाहण्यासाठी प्रारंभी मराठी मुलुखाबाहेरचे एक ठिकाण घेतो. ते म्हणजे मद्रासमधील, आजच्या चेन्नईतील, तिरुवल्लिकेणी.

२

तिरुवल्लिकेणी हे नावच पाण्याचे आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘अल्लि’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. पार्थसारथीचे प्राचीन देऊळ, त्याभोवतीच्या अरुंद माडवीथी, थोड्या अंतरावर १७९५ मध्ये बांधलेली वालाजाही मशीद आणि पलीकडे समुद्र, अशी ही वस्ती आहे. तमिळ वाङ्मयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे अखेरचे दिवस येथे गेले. त्यांच्या मृत्यूची कथा तमिळनाडूत लहान मुलालाही ठाऊक असते. पार्थसारथीच्या देवळातील हत्तीला ते खाऊ घालीत, एके दिवशी त्याच हत्तीने त्यांना खाली पाडले आणि त्यातच कवीचा अंत झाला, अशी ती कथा आहे. ही आख्यायिका इतकी दृढ झाली आहे, की चरित्रग्रंथांतील स्पष्ट नोंदही तिला हलवू शकत नाही. हत्तीच्या अपघातातून भारती बरे झाले होते. त्यानंतर ते ‘स्वदेशमित्रन्’मधील कामावर परतले आणि एरोडजवळच्या करुंगलपाळयम येथे जाऊन माणसाला मरण नाही या विषयावर व्याख्यानही देऊन आले. सप्टेंबर १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचा जो मृत्यू झाला तो पोटाच्या विकाराने, अतिसाराने.

याच वस्तीत आणखी एक असामान्य पुरुष काही काळ राहिला. गणिती श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये इंग्लंडला गेले, त्याआधी त्यांचे बिऱ्हाड तिरुवल्लिकेणीत होते. १९२० साली ते मद्रासमध्ये वारले. त्यांना क्षय झाला होता, असेच दीर्घ काळ मानले गेले. परंतु १९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी वैद्यकीय पुराव्यांची छाननी करून असे मत मांडले, की त्यांचा आजार यकृतातील अमीबाजन्य विकाराचा असावा. मद्रासेत असताना पूर्वी झालेल्या आवेचे मूळ शरीरात राहून गेले आणि तेच पुढे उलटले, असे या मताचे तात्पर्य आहे.

या दोन मृत्यूंची सांगड मी घालतो आहे ती वैद्यकासाठी नव्हे. लोकांच्या कल्पनाशक्तीने दोन्ही ठिकाणी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. एका ठिकाणी तिला हत्ती हवा होता, दुसऱ्या ठिकाणी क्षय. क्षयाला वाङ्मयात एक करुणरम्य वलय लाभले आहे आणि सुझन सोंटाग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात त्याची चिकित्सा केली आहे. हत्तीला तर पुराणाचेच वलय. दूषित पाण्याला कोणतेच वलय नसते. अतिसाराने मेलेला कवी आणि आवेने खंगलेला गणिती यांची गाथा कोणी रचीत नाही, कारण त्या मरणात काही अपूर्व नाही. त्याच गल्लीत, त्याच रोगाने, नाव नसलेली कितीतरी माणसे मरत असतात. आख्यायिका थोर माणसाला शेजाऱ्यांपासून वेगळे काढते, तर साथ त्याला त्यांच्यात परत आणून बसवते. मृत्यूची शोभा वाढावी म्हणून त्याचे कारण झाकण्याची ही प्रवृत्ती साथीविषयीच्या साऱ्याच लेखनाची परीक्षा करताना ध्यानात ठेवली पाहिजे.

३

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे साथ म्हटली की प्लेग आणि प्लेग म्हटला की रँड, असे समीकरण झाले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या आरंभी तो पुण्यात बळावला. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी सूड उगवला. दामोदर हरी चापेकर यांचे आत्मवृत्त, ‘केसरी’तील लेखन, पुढे त्या तारखेचेच नाव घेऊन १९७९ मध्ये आलेला चित्रपट, अशी या स्मृतीची परंपरा आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परकी सत्ता रोग्याच्या शुश्रूषेचे निमित्त करून माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत पोहोचते, तेव्हा उसळणारा संताप खराच असतो.

परंतु या साऱ्या चित्रणात प्रसंग एकाच जागी थबकतो. ती जागा म्हणजे उंबरठा. शिपायाचा बूट उंबरठ्यावर पडतो आणि वाचकाची नजर त्या बुटावर खिळते. त्या उंबरठ्याच्या आत किती माणसे किती खणांत निजत होती, धान्याची पोती कोठे रचलेली होती, उंदीर प्रथम कोठे पडले, हे विचारण्यास तिला सवड राहत नाही. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा मृत्यू उंबरठ्यावरचा नाही. तो रोग्याच्या अंथरुणापाशी घडलेला आहे. म्हणूनच आपल्या प्लेगविषयक वाङ्मयीन स्मृतीत त्याला दीर्घ काळ गौण स्थान मिळाले असावे. रँडची हत्या ही घटना होती. रोग्याला उचलून दवाखान्यात नेणे हे केवळ काम होते, आणि कामाचे कथानक करण्याची हातोटी आपल्या गद्याला उशिरा साधली.

आणखी एक गोष्ट या स्मृतीतून निसटली आहे. प्लेग येताच मुंबईतून लाखो माणसे कोकणात आणि देशावर आपापल्या गावी पळाली. रोग त्यांच्या गाठोड्यांतून आणि आगबोटी-आगगाड्यांतून त्यांच्याबरोबर गेला. हा जो महाप्रवास झाला त्याची कादंबरी मराठीत व्हावयास हवी होती. ती न होण्याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, असे आहे की तो प्रवास ना ‘ग्रामीण’ होता ना ‘नागर’.

४

येथे राहत्या घराचा विचार करणे भाग आहे. मराठी वाङ्मयात दाटीचे सर्वांत लाडके चित्र म्हणजे चाळ. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून दाटी हा आपल्याकडे प्रामुख्याने विनोदाचा, शेजारधर्माचा आणि हुरहुरीचा विषय होऊन बसला. त्या विनोदाची गोडी निर्विवाद आहे. मात्र या वास्तूची दुसरीही जन्मकथा आहे. प्लेगच्या पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या मोकळ्या कराव्या, हवा खेळती करावी, हा तिचा हेतू होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते वस्त्या पाडून काढले गेले आणि ज्यांची घरे पडली त्यांच्यापैकी पुष्कळांनी शेजारच्या वस्त्यांत शिरून तेथील दाटी वाढवली. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातील बरीच वर्षे काढली. प्लेगने मुंबईच्या चाळीवर आपली मुद्रा उमटवली आहे, पण आपल्या विनोदाने ती पुसून टाकली. साथीचे वाङ्मय एका फळीवर आणि चाळीचे वाङ्मय दुसऱ्या फळीवर, असे आपण ठेवले आहे. वास्तवात ती दोन्ही एकाच जिन्याने चढतात.

चाळीहून महत्त्वाची, तरीही वाङ्मयाने जवळजवळ न पाहिलेली, आणखी एक वास्तू आहे. ती म्हणजे शहरातील गावाची खोली. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाची खोली असे. बायकामुले गावी ठेवून आलेले गडी तेथे पाळीपाळीने निजत आणि खाणावळीत जेवत. धोबीतलावाजवळ गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते. बोटीवर चढणारे आणि बोटीवरून उतरणारे खलाशी तेथे आपापल्या पेट्या ठेवून राहत. तिरुवल्लिकेणीत याच जातीची वास्तू आहे आणि तिला तेथे ‘मॅन्शन’ म्हणतात. इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ प्रासाद, तो शब्द येथे जेमतेम खाट मावेल अशा खोल्यांच्या इमारतीला लागला आहे. दक्षिणेकडील जिल्ह्यांतून नोकरीसाठी, परीक्षेसाठी किंवा चित्रपटसृष्टीत नशीब काढण्यासाठी आलेले तरुण पिढ्यान् पिढ्या तेथे राहत आले आहेत. एका खोलीत दोघे-तिघे, मजल्यावर सामाईक न्हाणीघर, जेवणास जवळची खाणावळ.

तमिळमधून मराठीत भाषांतर करणाऱ्यास या शब्दापाशी थांबावे लागते. ‘चाळ’ म्हणावे तर चाळीत कुटुंबे असतात, ‘वसतिगृह’ म्हणावे तर त्याला संस्थेचा वास येतो, ‘मॅन्शन’ तसाच ठेवावा तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कमानी आणि झुंबरे उभी राहतात. उलट, रोगाच्या नावापाशी भाषांतरकाराला अडचणच पडत नाही. तमिळमध्ये देवीच्या रोगाला ‘अम्मै’ म्हणतात, ‘अम्मा’ म्हणजे आई हाच भाव त्या नावात आहे, आणि मराठीत ‘देवी आल्या’ असे आदरार्थी बहुवचनात बोलतात. तेथील मारियम्मन आणि आपली मरीआई या बहिणी शोभतात. रोगाच्या दैवताला दोन्ही भाषांत तयार शब्द आहेत, परंतु रोग जेथे वाढतो त्या खोलीला मात्र नाही. भाषेतली ही विषमता आपल्या वाङ्मयीन दृष्टीचीच साक्ष देते.

मरीआईचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. पटकी आली की देवीचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल आपल्याकडे होती. पुढच्या गावाने तो तिसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडावा. रोग बाहेरून आला आहे आणि तो बाहेर घालवता येतो, ही श्रद्धा त्या गाड्यात साकार झाली आहे. तिला अडाणीपणा म्हणून हसण्यापूर्वी आपण हेही आठवावे, की प्लेगच्या वर्षांत मद्रास इलाख्याच्या सुशिक्षित सरकारने प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्या प्रवाशांसाठी पासपोर्टाची पद्धत काढली होती. शिवेवरच सारा भरवसा ठेवण्याच्या बाबतीत गाडा आणि पासपोर्ट यांत फारसे अंतर नाही.

५

यावर असे म्हटले जाईल, की कलाकृती म्हणजे आरोग्यखात्याचा अहवाल नव्हे. खोलीचे क्षेत्रफळ आणि नळाचे पाणी मोजणे हे कादंबरीकाराचे काम नाही. हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. पण ज्या भारतीय कादंबऱ्यांत साथ कलात्मकदृष्ट्या फळाला आली, त्यांत वाट आणि घर या गोष्टी आशयाच्या गाभ्यातच आहेत, असे दिसते.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) पाहावी. नारणप्पा शिवमोग्याहून ताप घेऊन अग्रहारात परततो आणि मरतो. म्हणजे रोग शहरातून वाटेने आलेला आहे. त्याच्या प्रेताचे संस्कार कोणी करावेत, या वादात ब्राह्मण गुंतून पडतात आणि निर्णय मागत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. इकडे उंदीर मरत असतात, गिधाडे छपरांवर उतरतात. अग्रहाराबाहेरच्या झोपड्यांतही माणसे मरतात, पण त्या मरणांची अग्रहाराला दखल नाही. या कादंबरीचा विचार आपल्याकडे धर्मसंकटाच्या अंगाने पुष्कळ झाला. परंतु ते धर्मसंकट इतके भेदक होते ते साथीच्या घड्याळावर चालल्यामुळे, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. शास्त्रार्थाला जितका वेळ लागतो तितक्या वेळात रोग एक घर ओलांडतो.

फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मैला आँचल’मध्ये (१९५४) पूर्णियातील मेरीगंज या खेड्याचे नावच एका गोऱ्या निळवाल्याच्या हिवतापाने मेलेल्या पत्नीवरून पडले आहे. हिवताप आणि काळा आजार यांवर संशोधन करण्यास आलेला डॉक्टर प्रशांत अखेर या निष्कर्षाला येतो, की येथील खरे जंतू दारिद्र्य आणि अज्ञान हे आहेत. हे वाक्य एखाद्या प्रचारकाच्या तोंडी बेगडी वाटले असते. शेकडो पानांच्या गावगाड्यातून ते वर आल्यामुळे ते पटते. तकळींच्या ‘तोट्टियुडे मकन्’ या मलयाळम कादंबरीत (१९४७) आलप्पुळचा मैला वाहणारा चुडलमुत्तु आपल्या मुलाला या कामातून सोडवण्यासाठी जन्मभर धडपडतो आणि अखेर पटकीला बळी पडतो. जो शहर स्वच्छ ठेवतो तोच अस्वच्छतेच्या रोगाने मरतो, यापेक्षा साथीची रचना अधिक उघड करणारे कथानक मला ठाऊक नाही.

आणि मराठीत? ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी तरुण मनाच्या रितेपणाची म्हणून गाजली. परंतु तिच्यातील सर्वांत विदारक मृत्यू, लहानग्या मनीचा, देवीच्या रोगाचा आहे. तो खानदेशातल्या खेड्यात घडतो आणि त्याचा आघात पुण्यात वसतिगृहात राहून शिकणाऱ्या भावावर होतो. भारतात देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. मनीचा मृत्यू टळण्याजोगा होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. समीक्षेने त्या मृत्यूला अस्तित्वाच्या निरर्थकतेचे प्रतीक मानले. प्रतीक म्हणून तो मोठा आहेच. पण तो प्रथम एका लस न पोहोचलेल्या जगातला मृत्यू आहे. त्याला केवळ निरर्थकतेचे नाव देणे म्हणजे पुन्हा हत्तीचीच कथा सांगणे होय.

या संदर्भात काम्यूच्या ‘ला पेस्त’चे (१९४७) नाव निघणे अपरिहार्य आहे. त्या कादंबरीची सारी रचना ओरान शहराच्या बंद दरवाजांवर उभी आहे. दरवाजे बंद झाले म्हणून आतील माणसे एकमेकांसमोर आणि स्वतःसमोर उभी राहतात, आणि म्हणूनच तो प्लेग शत्रूच्या राजवटीचे रूपकही होऊ शकतो. ती रचना त्या ठिकाणी निर्दोष आहे. आपल्याकडे मात्र साथीचा आकार बंद दरवाजाचा नाही. १८९६ मध्ये मुंबई बंद झाली नाही, ती रिकामी झाली. आपल्या साथीचे कथानक वाटेवर घडते, आणि म्हणून ओरानचा साचा आपल्या अनुभवावर बसवताना खेडे हमखास चौकटीबाहेर पडते.

६

हे सारे जुन्या काळापुरते आहे, असे २०२० नंतर कोणी म्हणणार नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली आणि माणसे पायी गावाकडे निघाली. चेन्नईत कोयंबेडूच्या घाऊक भाजीबाजारात करोनाचा संसर्ग फैलावला. ५ मे रोजी तो बाजार बंद झाला, पण त्याआधीच तेथील हमाल आणि मजूर अरियलूर, कडलूर, विळुप्पुरम अशा जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांत पोहोचले होते आणि त्या जिल्ह्यांतील रुग्णसंख्या एकाएकी वाढली. तिरुवल्लिकेणीतील मॅन्शनेही रिकामी होऊ लागली. जूनमध्ये चेन्नईवर पुन्हा कडक टाळेबंदी आली, आणि प्लेगच्या पासपोर्टाच्या जागी या वेळी ई-पास होता. कोकणात त्याच वर्षी गणेशोत्सवापूर्वी मुंबईच्या चाकरमान्यांना गावाने किती दिवस वेगळे ठेवावे यावर वाद झडले. ज्याच्या मनिऑर्डरीवर घर उभे राहिले, तोच शिवेवर ‘बाहेरचा’ ठरला.

दाटीचा हिशेबही याच वर्षी आकड्यांनी मांडला गेला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. त्याच प्रभागांतील इतर वस्त्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. विषाणू तोच, प्रभाग तेच, ऋतू तोच. मोठा फरक होता तो खोलीत आणि न्हाणीघरात. हा आकडा कादंबरीकाराने जसाच्या तसा घ्यावा असे नाही. पण या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात जी माणसे राहतात, त्यांचे अंतरंग दुसरे कोण सांगणार?

साथीच्या काळात समाजाला प्रथम एक अपराधी हवा असतो. खेडे परतणाऱ्याला अपराधी ठरवते, शहर झोपडपट्टीला, आणि दोघांनाही शासनाला किंवा दैवाला बोल लावण्याची सोय असते. परतणारा माणूस कोठून आला, तेथे कसा निजत होता आणि तो गावी परतल्याखेरीज दुसरे काय करू शकत होता, हे प्रश्न विचारले की अपराधाची ही घाईची वाटणी अवघड होऊन बसते. ती अवघड करणे हे वाङ्मयाचे काम आहे. रूपकाने किंवा आख्यायिकेने ते होणार नाही. त्यासाठी लेखकाला गावाच्या खोलीत शिरावे लागेल, तेथील बारा वळकट्या मोजाव्या लागतील आणि त्यांतल्या एका वळकटीबरोबर आगगाडीत बसून शिवेपर्यंत जावे लागेल. आणि अशी कृती जन्माला आली तर तिला ‘ग्रामीण’ म्हणावे की ‘नागर’, हा प्रश्न आम्ही टीकाकारांनी प्रथम बाजूला ठेवला पाहिजे. एरवी ती समोर असूनही आम्हांस दिसणार नाही.